भाड्याचं घर कधी सोडावं लागतं? आजचा कायदा आणि येऊ घातलेला बदल

केंद्र सरकारनं नवा भाडे कायदा केला, आता दोन महिने भाडं थकलं की घर खाली, डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही, अशा अर्थाचे मेसेज गेली काही वर्षं फिरत आहेत. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घरमालकाला ते वाचून हायसं वाटतं, आणि त्याच्याच वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या पोटात गोळा येतो. दोघांनीही जरा थांबावं. मेसेजमधल्या बऱ्याच गोष्टी एका खऱ्या मसुद्यातून उचललेल्या आहेत. पण तो मसुदा महाराष्ट्रात लागू झालेला कायदा नाही.

घरमालक आणि भाडेकरू यांचं नातं हा राज्यघटनेनं राज्यांच्या यादीत ठेवलेला विषय आहे. त्यामुळे २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं जो ‘आदर्श भाडेकरू कायदा’ मंजूर केला, तो एक नमुना आहे. केंद्रानं तो राज्यांकडे पाठवला आणि सांगितलं, यावरून नवा कायदा करा, नाहीतर तुमच्या जुन्या कायद्यात तशी दुरुस्ती करा. उत्तर प्रदेश, आसाम, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू यांचे कायदे आज या वळणाचे आहेत. आपल्याकडे अजून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चालतो, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. मुंबईतल्या पागडीच्या इमारती आणि तिथले जुने भाडेकरू यांच्यामुळे या कायद्याला हात लावणं कोणत्याच सरकारला सोपं गेलेलं नाही.

तरीही हा मसुदा कोल्हापूरकरांनी समजून घ्यायला हवा. आज ना उद्या त्यातला काही भाग आपल्या कायद्यात येईल, असं मला वाटतं. आणि त्यात पुराबद्दल दोन तरतुदी अशा आहेत, ज्यांची गरज या शहराइतकी फार थोड्या शहरांना असेल.

आज कायदा कारण विचारतो

१९९९ च्या कायद्याचा गाभा असा. भाडेकरू भाडं देतोय किंवा द्यायला तयार आहे आणि बाकीच्या अटी पाळतोय, तोवर मालकाला त्याला बाहेर काढता येत नाही. ठरलेली मुदत संपली, एवढं सांगून भागत नाही. मालकाला कोर्टापुढं कारण दाखवावं लागतं, आणि ते कारण कायद्याच्या कलम १५ किंवा १६ मध्ये बसावं लागतं.

समजा, मंगळवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात मागच्या सोप्यात एक कुटुंब वडिलांच्या काळापासून भाड्यानं राहतंय. त्यांनी भाडं थकवलं, तर मालकानं आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची. नोटीस पोचल्यापासून ९० दिवस वाट पाहायची. त्यानंतर दावा. दाव्याचं समन्स मिळाल्यापासून आणखी ९० दिवसांत भाडेकरूनं सगळी थकबाकी, त्यावर वर्षाला १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला आणि पुढचं भाडं वेळेवर भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. कायद्यानं इथं मुद्दाम मोठी फट ठेवली आहे. भाडं थकण्यामागं आजारपण असतं, हातचं काम गेलेलं असतं. अशा माणसाला सावरायला वेळ मिळावा, हा त्यामागचा विचार.

दुसरं मोठं कारण म्हणजे मालकाची स्वतःची गरज. मुलाचं लग्न झालं, घरात जागा पुरेना, म्हणून ती खोली हवी. ही गरज खरी आणि वाजवी असायला लागते. ती सिद्ध झाली तरी कोर्ट आणखी एक प्रश्न विचारतं: घर सोडायला लावलं तर भाडेकरूचे हाल जास्त होतील, की न सोडायला लावलं तर मालकाचे? भाडेकरूचे हाल जास्त ठरले, तर मालकाची गरज खरी असूनही हुकूम मिळत नाही. कधी कोर्ट जागेचा काही भाग मालकाला आणि काही भाडेकरूला, असाही मार्ग काढतं. आणि गरज म्हणून घेतलेली जागा मालकानं स्वतः वापरलीच नाही, वर्षभराच्या आत तिसऱ्यालाच भाड्यानं दिली, तर जुना भाडेकरू ती परत मागू शकतो.

बाकीची कारणं पटकन सांगतो. जागेची नासधूस केली, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं, शेजाऱ्यांना सतत उपद्रव दिला, पोटभाडेकरू ठेवला, जागा वाजवी कारणाशिवाय सलग सहा महिने वापरलीच नाही, किंवा इमारत मोठ्या दुरुस्तीसाठी वा नव्या बांधकामासाठी रिकामी करावी लागणार आहे. भाडेकरू वारला, तर त्याच्यासोबत त्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. म्हणूनच पेठांत आजही असे सोपे आहेत, जिथं महिन्याच्या भाड्यात हॉटेलात एक जेवण मिळणार नाही.

हा कायदा भाडेकरूच्या बाजूला झुकलेला आहे, हे उघड आहे. त्याचा फटका श्रीमंत मालकाला बसत नाही. तो बसतो एका वाड्यावर म्हातारपण काढणाऱ्या विधवा मालकिणीला, जिला छपराची कौलं बदलायला भाड्यातून पैसे सुटत नाहीत. आणि ज्याच्यासाठी हे संरक्षण आहे, त्या भाडेकरूलाही पडक्या वाड्यातच दिवस काढावे लागतात, कारण मालक दुरुस्ती करत नाही. मला या प्रश्नात कुणा एकाचा पक्ष घेता येत नाही.

दावा इथल्या दिवाणी न्यायालयात, अपील जिल्हा न्यायालयात, त्यानंतर हायकोर्ट. ही वाट वर्षानुवर्षं चालते. एक सोय मात्र अलीकडे झाली. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयाजवळच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथं चालतात. भाड्याच्या दाव्यात हायकोर्टापर्यंत गेलेल्या माणसाला तारखेसाठी रात्रीची गाडी पकडून मुंबईला जायची वेळ आता येणार नाही. हा फरक कायद्यातला नाही, पण ज्याच्या खिशातून गाडीभाडं आणि वकिलाचा प्रवासखर्च जात होता, त्याला तो कळतो.

लिव्ह अँड लायसन्स: इथं तारीख आधीच आलेली आहे

आता कुणी म्हणेल, माझा तर अकरा महिन्यांचा करार आहे, मला कुठं एवढं संरक्षण? बरोबर. तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा असणार. त्यात तुम्ही कायद्यानं भाडेकरू नसता. ठरावीक काळ जागा वापरायची परवानगी घेतलेले परवानाधारक असता. तारीख संपली की परवानगी संपली. रुईकर कॉलनीतला फ्लॅट, विद्यापीठाच्या परिसरातली विद्यार्थ्यांची खोली, ताराबाई पार्कातला बंगल्याचा मजला, आज नव्यानं दिलं जाणारं जवळपास सगळं घर याच पद्धतीनं दिलं जातं.

तारीख उलटूनही परवानाधारक गेला नाही, तर १९९९ च्या कायद्याचं कलम २४ लागू होतं. मालकाला दिवाणी दाव्याची लांब वाट धरावी लागत नाही. तो शासनानं नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही, तर अर्जातलं म्हणणं मान्य आहे असं धरलं जातं. जेवढे दिवस तो जादा राहिला, तेवढ्या दिवसांसाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. शिवाय करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा मानला जातो. ‘तोंडी आमचं दोन वर्षांचं ठरलं होतं’ हे तिथं चालत नाही.

याच झटपट मार्गाचा आणखी एक वापर आहे, आणि तो आपल्या जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांना उपयोगी पडेल. सैन्यातल्या माणसानं नोकरीत असताना घर भाड्यानं दिलं असेल आणि निवृत्तीनंतर त्याला स्वतःला राहायला ते हवं असेल, तर वरिष्ठ अधिकाऱ्याचा दाखला जोडून तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करू शकतो. गडहिंग्लज, कागल, चंदगड भागांतल्या कितीतरी फौजींना ही तरतूद माहीतच नसते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता एक गैरसमज, जो मला सगळ्यात जास्त छळतो. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, बाँडपेपरवर नोटरी केली की झालं, असं इथं शंभरातले बहुतेक लोक मानतात. महाराष्ट्रात हे खरं नाही. आपल्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असायला हवा आणि नोंदवायलाच हवा. मुदत किती, याचा संबंध नाही. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याहून महत्त्वाचं म्हणजे नोंद नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, मालक ते खोटं ठरवेपर्यंत.

खर्च तसा फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि डिपॉझिटवरच्या वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजाच्या बेरजेवर पाव टक्का. म्हणजे महिना आठ हजार भाडं, तीस हजार डिपॉझिट, अकरा महिने, यावर शुल्क दोनशे-तीनशे रुपये. नोंदणी फी शहरात एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. आधारवरून अंगठा देऊन घरबसल्या ऑनलाइन नोंद होते. ज्याच्या हातात लाखांचं घर द्यायचं, त्याच्यासाठी एवढं करायला काय हरकत आहे?

प्रस्तावित कायदा काय बदलतो

थोडक्यात सांगायचं तर आज जुन्या भाडेकरूच्या बाबतीत कायदा कारण विचारतो आणि लिव्ह अँड लायसन्सच्या बाबतीत तारीख पाहतो. आदर्श कायदा आला तर पुढच्या सगळ्यांसाठी तारीखच मुख्य होईल. करार किती दिवसांचा, कधी संपतो, वाढवला का, हे सगळं त्या कागदावर ठरणार.

करार लेखी हवाच. झाल्यापासून दोन महिन्यांत तो भाडे प्राधिकाऱ्याला कळवायचा. हा अधिकारी किमान उपजिल्हाधिकारी दर्जाचा असेल. त्याच्या वर भाडे न्यायालय आणि त्याच्या वर भाडे न्यायाधिकरण. घर सोडायला लावायचा हुकूम भाडे न्यायालय देईल. नेहमीची दिवाणी न्यायालयं या वादांतून बाहेर पडतील.

मुदतीच्या आत मालकाला भाडेकरूला काढायचं असेल, तर ठरावीक कारणं लागतीलच. त्यांतलं सगळ्यांना भिडणारं कारण थकबाकी. सलग दोन महिन्यांचं भाडं थकलं, मालकानं नोटीस दिली आणि नोटिशीनंतर एक महिन्याच्या आत पैसे आले नाहीत, तर तो भाडे न्यायालयात जाऊ शकतो. आजच्या ९० अधिक ९० दिवसांच्या जागी हा एक महिना. नोटरीच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला हे नुसते आकडे वाटतील. पण गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत पगार पुढच्या महिन्यावर ढकलला गेला की कोणत्या घरात काय होतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला या दोन आकड्यांमधलं अंतर कळेल.

मुदत संपल्यावरही घर सोडलं नाही, तर पहिले दोन महिने दुप्पट भाडं आणि त्यानंतर सोडेपर्यंत चौपट. भाडेकरू मुदतीच्या मध्येच वारला, तर वारसांना उरलेल्या मुदतीपुरताच हक्क राहील. पिढ्यान्‌पिढ्या चालणारा भाडेहक्क नव्या करारांत तयार होणारच नाही.

भाडेकरूच्या बाजूनंही काही ठोस गोष्टी येतात, डिपॉझिटची सोडली तर त्या मेसेजमध्ये सहसा नसतात. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येणार नाही, आणि जागा ताब्यात घेतानाच कायदेशीर वजावट करून ते परत द्यायचं. करारात तसं लिहिलेलं नसेल तर मुदतीच्या मध्ये भाडं वाढवता येणार नाही, आणि वाढवायचं तर तीन महिने आधी कळवायचं. मालकाला घर बघायला यायचं असेल तर २४ तास आधी सांगून यायचं, आणि सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर यायचं नाही. शिकायला आलेल्या ज्या मुली खोली घेऊन राहतात, त्यांच्यासाठी या एका ओळीचं मोल फार आहे. पाणी-वीज तोडून माणसाला हुसकावणं आजही गुन्हा आहे, मसुद्यातही बंद आहे. भाडेकरूला आधी सोडायचं असेल आणि करारात नोटिशीचा काळ लिहिलेला नसेल, तर एक महिन्याची नोटीस पुरेल.

आणि हे सगळं नव्या करारांना लागू. केंद्रानं मसुदा मंजूर करताना स्पष्ट सांगितलं आहे की चालू असलेल्या भाडेकरारांवर त्याचा परिणाम होणार नाही. शिवाजी पेठेतल्या ज्या आजी गेल्या आठवड्यात ‘आता आम्हाला काढणार का रं?’ म्हणून विचारत असतील, त्यांना हे आधी सांगा. देवस्थानांच्या आणि नोंदणीकृत न्यासांच्या मालकीच्या जागांनाही मसुद्यात सूट आहे. कोल्हापुरात अशा जागा थोड्या नाहीत, त्यामुळे आपला मालक नेमका कोण, व्यक्ती की न्यास, हे पावतीवर बघून घ्यावं.

पुराच्या वेळी काय?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, बापट कॅम्प, शिवाय प्रयाग चिखली आणि आंबेवाडी, सगळीकडे घरांत पाणी. शिरोलीजवळ महामार्ग बंद. पाणी ओसरल्यावर खालच्या मजल्यांत गुडघाभर गाळ, ओल्या भिंती, भिजलेले मीटर. तळमजल्यावर जास्त करून कोण राहतं? भाडेकरू.

अशा वेळी दोन प्रश्न उभे राहतात. घर राहण्यासारखं नसताना भाडं द्यायचं का? आणि नेमकी त्याच आठवड्यात कराराची मुदत संपली, तर काय?

आजचा कायदा पहिल्या प्रश्नाला अर्धवट उत्तर देतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याच्या कलम १०८ मध्ये आग, वादळ आणि पूर यांचा उल्लेख आहे. त्यांच्यामुळे जागेचा मोठा भाग पूर्ण नष्ट झाला, किंवा ज्यासाठी जागा घेतली त्यासाठी ती बऱ्याच अंशी आणि कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेपट्टा संपला असं धरायचा पर्याय भाडेकरूकडे आहे. अडचण त्या ‘कायमची’ या अटीत आहे. कुंभार गल्लीतलं घर गाळ काढून, भिंती वाळवून महिन्या-दीड महिन्यात पुन्हा राहतं होतं. कायमचं निरुपयोगी झालं असं म्हणता येत नाही. मग त्या दीड महिन्याचं भाडं? कायद्यात सरळ उत्तर नाही. समजूतदार मालक ते सोडून देतो. बाकीच्यांपुढं भाडेकरूला हात जोडावे लागतात.

दुसऱ्या प्रश्नावर कलम २४ गप्प आहे. तारीख संपली की दुप्पट भरपाई सुरू, घराबाहेर चार फूट पाणी असो वा नसो.

प्रस्तावित कायदा दोन्ही प्रश्नांना हात घालतो. युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप अशा आपत्तीच्या काळात मुदत संपत असेल, तर आपत्ती सरल्यापासून एक महिना त्याच अटींवर भाडेकरूला राहू द्यावं लागेल. आणि आपत्तीमुळे घर राहण्याजोगं उरलं नाही, तर मालक ते पुन्हा राहण्याजोगं करून देईपर्यंत भाडं घेता येणार नाही. दुरुस्ती होणारच नसेल, तर डिपॉझिट आणि आगाऊ घेतलेलं भाडं परत. एरवीही घर दुरुस्तीशिवाय राहण्यासारखं नसेल आणि मालक लेखी सांगूनही दुरुस्ती करत नसेल, तर भाडेकरू १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन ते सोडू शकेल.

एवढा भाग तरी महाराष्ट्रानं उद्याच्या उद्या घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी सबंध भाडे नियंत्रण कायदा मोडायची गरज नाही. १९९९ च्या कायद्यात एक-दोन कलमांची भर घातली तरी पुरेल.

घेताना एक गोष्ट नीट करावी लागेल. ‘आपत्ती सरली’ म्हणजे कधी? बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांच्या खाली आली त्या दिवशी? रस्ता उघडला तेव्हा? की घरातला गाळ निघून वीज जोडली गेली तेव्हा? नदी उतरायला आठवडा आणि घर सुकायला महिना लागतो, हे शाहूपुरीत कुणीही सांगेल. नदी उतरल्या दिवसापासून महिना मोजला तर भाडेकरूची ती सवलत गाळ उपसण्यातच संपेल. माझ्या मते पंचनाम्याची तारीख धरावी. पंचनामा सरकारी असतो, घरागणिक होतो, त्यावर सही असते. महिना तिथून मोजा.

मला खटकणाऱ्या गोष्टी

मसुद्याचा बहुतेक भार महसूल खात्यावर आहे. भाडे प्राधिकारी उपजिल्हाधिकारी, भाडे न्यायालयात अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी. जिल्ह्यातले हे अधिकारी आधीच भूसंपादन, निवडणुका, पुरवठा यांत अडकलेले असतात. आणि पूर आला की पंचनामे, छावण्या, अनुदानाच्या याद्या हे सगळं त्यांच्याच टेबलावर येतं. म्हणजे ज्या महिन्यात भाडेकरूला भाडे प्राधिकारी सगळ्यात जास्त लागेल, त्याच महिन्यात तो टेबलावर नसणार. स्वतंत्र माणसं नेमली नाहीत, तर कायद्यातल्या महिन्याभराच्या मुदती कागदावरच राहतील.

दुसरी खटकणारी गोष्ट त्या माणसांची, ज्यांच्याकडे कागद नाही. शिरोली एमआयडीसीत परराज्यांतून आलेले कामगार एका खोलीत पाच-सहा जण राहतात. भाडं रोखीत, पावती नाही, करार तर नाहीच. आज कलम ५५ मुळे निदान त्यांचं म्हणणं ऐकलं जातं, कारण नोंद न करण्याचा दोष मालकावर येतो. नव्या व्यवस्थेचा सगळा डोलारा लेखी करार आणि त्याची नोंद यांवर उभा आहे. ज्याच्याकडे कागद नाही, तो त्या व्यवस्थेच्या दारातच अडकेल. कायद्यानं कागद सक्तीचा करावाच, पण कागद न केल्याचा भार दुबळ्या बाजूवर टाकू नये. कलम ५५ मधलं तत्त्व नव्या कायद्यातही जसंच्या तसं यायला हवं.

चौपट भाड्याबद्दलही हेच. मुद्दाम घर अडवून बसलेल्याला चौपट लावा, माझी हरकत नाही. पण आईच्या दवाखान्यामुळे तीन महिने दुसरं घर शोधता आलं नाही अशा माणसाला आणि घर बळकावणाऱ्याला एकच दर लावणं न्यायाचं होणार नाही. दर कमी करायचा अधिकार भाडे न्यायालयाला द्यायला हवा.

या जूनमध्ये करार करत असाल तर

नवा कायदा येईल तेव्हा येईल. आज हातात असलेल्या कायद्यातच बरंच करता येतं, कारण करारात काय लिहायचं ते दोघांच्या हातात आहे.

नोटरीवर थांबू नका, नोंदणी करा. मुदत संपण्याच्या किती दिवस आधी एकमेकांना कळवायचं, ते लिहा. भाडेकरूला मध्येच सोडायचं असेल तर किती दिवसांची नोटीस, आणि सुरुवातीचे काही महिने सोडता येणार नाही अशी अट असेल तर ती नेमकी किती महिन्यांची, हेही लिहा. त्या अटीवरून इथं सगळ्यात जास्त भांडणं होतात, कारण सही करताना ती कुणी वाचलेलीच नसते. डिपॉझिट चावी परत देताना त्याच दिवशी मिळेल की रंगकाम-वीजबिल वजा करून महिन्यानं, ते ठरवून घ्या. भाडं ऑनलाइन द्या. रोख दिलंत तर पावती मागा, तो तुमचा कायदेशीर हक्क आहे. आत शिरताना खोल्यांचे फोटो काढून दोघांनी एकमेकांना पाठवा.

आणि घर पूररेषेत किंवा तिच्या जवळ असेल, तर करारात हा परिच्छेद घाला. एजंट म्हणेल, छापील नमुन्यात हे नसतं. त्याला सांगा, टाईप करायला दोन मिनिटं लागतात.

‘पूर किंवा अतिवृष्टीमुळे जागेत पाणी शिरून जागा राहण्यायोग्य राहिली नाही, तर पाणी शिरल्याच्या दिवसापासून जागेची साफसफाई व दुरुस्ती होऊन वीज-पाणी पूर्ववत सुरू होईपर्यंत परवाना शुल्क देय राहणार नाही. या काळात कराराची मुदत संपत असल्यास शासकीय पंचनाम्याच्या तारखेपासून ३० दिवस परवानाधारकास त्याच अटींवर राहता येईल व त्या काळासाठी दुप्पट भरपाई आकारली जाणार नाही. पंचनाम्यापासून ३० दिवसांत जागा राहण्यायोग्य झाली नाही, तर परवानाधारकास तत्काळ करार संपवता येईल व मालकाने अनामत रक्कम १५ दिवसांत परत करावी. गाळ काढण्याचा खर्च मालकाने, व परवानाधारकाच्या सामानाच्या नुकसानीचा भार परवानाधारकाने सोसावा.’

शेवटच्या वाक्यातली खर्चाची वाटणी तुमच्या सोयीनं बदला.